ब गटाची जोडी

धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या, तुरी फुलावर आल्या आणि सकाळी नदीवर धुकं धरू लागलं, की कन्हानच्या चौकातल्या चहाटपऱ्यांवर पत्रकं दिसू लागतात. ‘बैलांचा भव्य इनामी शंकरपट’. खाली अ गटाची इनामं ठळक अक्षरांत, त्याखाली ब गट, मग क गट, आणि अगदी तळाशी, देणगीदारांच्या नावांच्या वर, एका ओळीत गावगट. सगळे हे पत्रक वरून खाली वाचतात. आमचे आजोबा, आबाजी, ते खालून वर वाचत. त्यांच्या लेखी पट तळापासूनच सुरू होई.

आबाजींची जोडी आयुष्यभर दुसऱ्या फळीत पळाली. त्यांच्या तरुणपणी गटांना अक्षरं नव्हती. मोठा पट आणि लहान पट असं म्हणत. मोठ्या पटात मालगुजारांच्या आणि सावकारांच्या जोड्या. मालगुजारी 1951 साली कायद्याने गेली, त्या वेळी आपला भाग मध्य प्रदेशात होता; पण वाडे राहिले, वाड्यांमागचे गोठे राहिले आणि त्या गोठ्यांतले फक्त पटासाठी पोसलेले बैलही राहिले. लहान पटात असत कास्तकारांच्या जोड्या. काल वखराला, आज छकडीला, उद्या पुन्हा धानाच्या भाऱ्यांना. आबाजींच्या, आजीच्या आणि मोठ्या काकांच्या, म्हणजे मोठेबाबांच्या, तोंडून मी जो इतिहास ऐकला, तो या लहान पटाचा आहे.

कन्हानला बाहेरचे लोक पुलामुळे आणि कोळशामुळे ओळखतात. सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून उतरलेली नदी; वर बिना गावाशी तिला पेंच आणि कोलार मिळतात आणि इथून ती मौद्यावरून वैनगंगेकडे जाते. अल्याड कामठी, 1821 मध्ये वसलेली इंग्रजांची छावणी. पल्याड कन्हान, रामटेकला फुटणारी रेल्वे आणि कोळशाच्या खदानी. आबाजींच्या सांगण्यात मात्र नदी म्हणजे आधी रेती. उन्हाळ्यात पात्रात डांगरवाड्या लागत. त्याआधी, हिवाळ्यात, उघड्या पडलेल्या रेतीवर पटाचे बैल चालवत. “रेतीत चाललेला बैल मातीवर उडते,” ते म्हणत. पहाटे रेतीतून एक लांब फेरी, मग गुडघाभर पाण्यात उभं करून पाय चोळायचे. तळव्याखालची माती घट्ट की भुसभुशीत हे बैलाला आपल्याआधी कळतं, आणि ज्याला ते बैलाच्या चालीवरून ओळखता येतं तोच खरा धुरकरी, हे त्यांचं पहिलं सूत्र.

आमची जोडी गवळाऊ. वर्धा, नागपूर, शिवनी, छिंदवाडा या पट्ट्यातली ही जात. पांढरी किंवा फिकट राखी, अंगाने हलकी, डोकं निमुळतं, शिंगं आखूड, पायांत चाल. मराठ्यांच्या फौजांना सामान घेऊन घोडदळामागे झपाट्याने चालणारे बैल लागत, त्या गरजेतून गवळ्यांनी ही जात घडवली असं पशुतज्ज्ञांनी नोंदलं आहे. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला सरकारचं गवळाऊ पैदास केंद्र आहे. आबाजींनी ते कधी पाहिलं नाही, पण फौजेची गोष्ट त्यांना त्यांच्या आजोबांकडून आली होती आणि ती ते अशी सांगत, जणू नागपूरच्या भोसल्यांच्या सैन्यामागे आमच्याच गोठ्यातले बैल गेले होते. ती पिढी इतिहासाशी अशीच नातं जोडून राहत असे. बैलाची जात हा त्यांच्याजवळचा कागद होता आणि तो त्यांना वाचता येई.

साल कोणतं, असं विचारलं की आबाजी आकडा सांगत नसत. “इंदिराबाईनं बँका घेतल्या ना, त्याच वर्षीचा पट.” म्हणजे बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तो 1969 चा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा. आमच्या जोडीतले पाखऱ्या आणि मोत्या तेव्हा सहा दाती होते, म्हणजे ताकद पुरी आलेली आणि खोडीही गेलेली नव्हती. घरात सर्वांत जास्त वेळा सांगितला गेलेला हंगाम हाच. तिघं सांगत आणि तिघांचं जुळत नसे. पण ज्या ठिकाणी जुळत नसे तिथेच मला तो हंगाम सर्वांत स्पष्ट दिसतो.

पोळ्याला बैलांची खांदमळणी झाली, बेगड लागली, आणि आबाजींनी त्याच संध्याकाळी आजीला सांगितलं, की यंदा जोडी पटात उतरवतो. आजीला त्या वाक्याचा अर्थ ताबडतोब कळला. म्हणजे सरकी ढेप वाढवायची, रात्री उडदाची डाळ भिजवायची, कणकेचे गोळे करायचे. त्या काळात गव्हाची चणचण होती. त्याआधीच्या टंचाईच्या वर्षांत रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन लोक कंटाळले होते. आजी सांगे, “घरात आमी जवारीची भाकर खाओ, अन् बैलाच्या तोंडात गव्हाची कनिक. पोरं पाहत राहत. एक दिवस तुह्या मोठ्याबाबानं गोट्यात जाऊन बैलाच्या टोपल्यातला गोळा उचलून खाल्ला.” मोठेबाबा हे कबूल करत. पण पुढचा भाग ते स्वतः सांगत: आबाजींनी ते पाहिलं आणि मारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोळे एकाने जास्त होऊ लागले.

पटाच्या इतिहासात या कणकेची नोंद कुठे नाही. आजीने तिचा हिशेब ठेवला होता, मनातल्या मनात, आणि म्हातारपणीही तिला तो पाठ होता. छकडी कोणी हाकली ते गावाला ठाऊक असतं. जोडी कोणी उभी केली ते घराला ठाऊक असतं.

छकडी वाढयाने नवी केली. ओझ्याच्या बंडीचा आणि पटाच्या छकडीचा संबंध फक्त दोन चाकांपुरता. साटा नाही, बाजू नाहीत, बसायला फळीसुद्धा जेमतेम. वजन जितकं कमी तितकं चांगलं, पण फार कमी केलं तर पहिल्याच हिसक्याला कणा मोडायचा. वाढई आणि आबाजी यांचं त्यावर चार संध्याकाळ चाललं. चाकाची लोखंडी धाव बारीक ठेवावी असं वाढयाचं म्हणणं. बारीक धाव ओल्या मातीत रुतते असं आबाजींचं. शेवटी कामठीच्या लोहाराकडून मधली जाडी ठरली. तेल घालून, चाक हाताने फिरवून, ते किती वेळ फिरत राहतं हे मोठेबाबांनी मोजायचं. ते तेव्हा चौथीत होते आणि आकडे मोजण्याची त्यांची गोडी इथेच लागली, असं ते सांगतात. पुढे खदानीत हजेरी कारकून झाले.

पहिला पट रामटेकच्या अलीकडे एका गावात. त्रिपुरी पौर्णिमेची रामटेकची यात्रा नुकतीच झालेली, रस्त्यावर यात्रेहून परतणाऱ्या बंड्या. रान मोकळं करून, नांगरून, पाटा फिरवून दोन सरळ धावपट्ट्या आखलेल्या. एका वेळी दोन जोड्या. झेंडी पडली की सुटायचं आणि पलीकडच्या रेषेला जी जोडी आधी पोचेल ती पुढच्या फेरीत. पाखऱ्याने अर्ध्यात रेषा सोडली. शेजारच्या जोडीकडे ओढला गेला, गर्दीत शिरायला आला आणि आबाजींनी कासरा आवळून त्याला कसाबसा आणला. हरले. मोठेबाबा म्हणत, बैल लोकांच्या ओरडण्याने बुजला. आबाजींचं मत वेगळं. “बैल बुजला नाई. मी बुजलो. माह्या हातातून कासऱ्यावर ते गेलं.” छकडीला ब्रेक नसतो. थांबणं, वळणं, वेग, सगळं दोन दोरांवर. आणि दोराच्या एका टोकाला जे असेल ते दुसऱ्या टोकाला पोचतं. यावर त्यांनी पुढचे पंधरा दिवस घालवले. रोज पहाटे रेतीवर, आणि दुपारी त्याच बैलांनी धान चुरायचं. पटाची तयारी म्हणून धानाची चुरणी थांबली नाही, थांबणं शक्यही नव्हतं.

दुसरा पट मौद्याच्या बाजूला, मार्गशीर्षात. तिथे जोडी सरळ पळाली. इनाम म्हणून पितळी कळशी मिळाली. ती दुसऱ्या क्रमांकाची की तिसऱ्या, यावर मोठेबाबा आणि आजी यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. कळशीवर गावाचं नाव कोरलं होतं, क्रमांक कोरला नव्हता. आजीचा युक्तिवाद असा, की दुसऱ्या क्रमांकाला हंडा होता आणि तो तिने डोळ्यांनी पाहिला होता. कारण त्या रात्री ती तिथे होती.

बायका दिवसा पटात जात नसत, पण रात्री जात, नाटकाला. आमच्या पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत, पट आणि नाटक एकमेकांच्या आधाराने वाढले. दिवसभर पट पाहायला दहा गावांचे लोक जमायचे, रात्री परत जायला वाट नाही, थंडी कडक. मग त्यांच्यासाठी रात्रभर दंडार, खडी गंमत, आणि पुढे उभ्या रंगमंचावरचं संगीत नाटक. वडसा-देसाईगंज हे या मंडळांचं मोठं केंद्र झालं. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या तारखा पटाच्या आणि मंडईच्या तारखांना बांधलेल्या. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आजी हवी होती असं फार वाटलं. तिच्या दृष्टीने पट म्हणजे त्या रात्रीचं नाटक. वाकळ पांघरून, कडेवर लहान पोर घेऊन, पहाटेपर्यंत पाहिलेलं. मध्यंतरात इनामं वाटली गेली आणि कंदिलाच्या उजेडात आबाजी मंचावर चढले. तिने त्यांना फेटा बांधलेलं तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. ती हे सांगायची तेव्हा आबाजी उठून गोठ्यात जात.

तिसरा पट संक्रांतीच्या सुमाराला, भंडाऱ्याच्या वाटेवर. तिथे लहान पट त्यांनी जिंकला. इथे तिघांचंही जुळतं, म्हणून याची गोष्ट सर्वांत लहान आहे. जोडी सुटली आणि पोचली. आबाजी म्हणत, त्यात सांगण्यासारखं काही नाही, बैल चांगले पळाले.

सांगण्यासारखं त्यानंतरचं. जिंकलेल्या जोडीला आयोजकांनी मोठ्या पटात उतरण्याचा मान दिला. समोर आली ती एका वाड्यावरची जोडी. तिला कधी शेतीचं जू लागलं नव्हतं. खांद्यावर घट्टा नव्हता. तिच्यामागे दोन गडी, एक वैदू, एक हाकलणारा जो दुसऱ्या गावाहून पैसे देऊन आणलेला. हाकलणाऱ्याच्या हातात तुतारी, म्हणजे हाकायची काठी, आणि तिच्या टोकाची आर, म्हणजे टोचायचा खिळा, नेहमीपेक्षा लांब. झेंडी पडली. पाखऱ्या-मोत्या वाईट पळाले नाहीत. समोरची जोडी मात्र वेगळ्याच वेगाने गेली. रेषेपलीकडे ती थांबली तेव्हा मोठेबाबा धावत जवळ गेले. लहान मुलाच्या उंचीवरून त्यांना जे दिसलं ते मोठ्यांना दिसलं नसावं: मांडीवरून उतरणारं रक्त आणि शेपटीच्या मुळाशी दाताचे वळ. त्यांनी आबाजींना येऊन सांगितलं. आबाजी एवढंच बोलले: “त्याले सोमवारी नांगर ओढाचा नाई.”

माझ्या दृष्टीने आमच्या घरातल्या सगळ्या पटकथांचं सार या वाक्यात आहे. ज्याच्या बैलाला दुसऱ्या दिवशी शेतात उभं राहायचं आहे, तो त्याला आज फोडून काढू शकत नाही. दया हा त्याचा स्वभाव असेल किंवा नसेल. त्याचं पोट त्या बैलाच्या पायांवर आहे. लहान पटातल्या जोडीला शेताचा धाक संरक्षण देत होता. जिथे बैलाला जिंकण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही, तिथे आर लांब झाली.

त्याच वर्षी, 1970 मध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला लहान पटाचा असाच एक हंगाम चालला होता, हे मला फार उशिरा वाचनातून कळलं. इंग्लंडात मातीच्या लंबगोल मार्गावर मोटारसायकली पळवतात, त्याला स्पीडवे म्हणतात. ऑस्ट्रेलियातून आलेला हा खेळ 1928 च्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीचला गर्दीने पाहिला आणि तिथून तो देशभर रुजला. चार स्वार, चार फेऱ्या, एका सिलिंडरचं इंजिन, एकच गिअर. 1968 मध्ये त्यांनी दुसरी फळी उभी केली, तिला डिव्हिजन टू म्हणत. लहान शहरांचे संघ, आठवडाभर कारखान्यात किंवा गॅरेजात राबून संध्याकाळी गाडीवर बसणारी पोरं. 1970 चं दुसऱ्या फळीचं विजेतेपद कँटरबरीच्या संघाने मिळवलं. पुढच्याच वर्षी रॉचडेलच्या संघातून याच फळीत पीटर कॉलिन्स नावाचा कोवळा पोरगा धावला आणि 1976 मध्ये तो जगज्जेता झाला.

मोठेबाबांना मी हे वाचून दाखवलं. खदानीत ते राजदूतवर जात, त्यामुळे गाडीची त्यांना जाण. त्या गाड्यांना ब्रेक नसतो हे ऐकल्यावर ते सावरून बसले. “ब्रेक नाई? मंग वळनावर काय करतेत?” मागचं चाक मातीत आडवं घसरवतात, डाव्या पायात पोलादी तळव्याचा जोडा घालून तो जमिनीला टेकवतात आणि सगळा तोल उजव्या हातातल्या मुठीवर ठेवतात, असं मी सांगितलं. ते बराच वेळ हाताने ती मूठ फिरवून पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे त्यायचा कासरा तोच.” आणि दुसऱ्या फळीचं ऐकून त्यांनी जो प्रश्न विचारला तो अजून माझ्याबरोबर आहे: त्या कँटरबरीवाल्यांची नावं कोणी लिहून ठेवली आहेत का? हो, मी म्हटलं, प्रत्येक शर्यतीचे गुण, प्रत्येक स्वाराचं नाव, सगळं छापलेलं सापडतं. “अन् आपल्या लहान पटाची?”

आपल्याकडे मोठ्या पटाची थोडीफार नोंद आहे. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट शंभर वर्षांहून जुना. जानेवारीत तिथे दूरदूरहून जोड्या येतात, सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ मोजली जाते आणि बातम्या छापून येतात. तिथे बायकांचाही पट होतो. लुगड्याचा काष्टा घट्ट करून, कासरा धरून छकडीवर उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो मी पाहिले तेव्हा आजीच्या कणकेचा हिशेब कुठेतरी फेडला जातो आहे असं वाटलं. पण गावोगावच्या लहान पटात कोणाची जोडी पळाली, कोणत्या वर्षी कोण जिंकलं, हे फक्त कळशीवर आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.

मग बंदी आली. 11 जुलै 2011 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाने ती थांबवली. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जोडीची पशुवैद्यकाकडून तपासणी लागते, हजार मीटरपेक्षा लांब धाव नाही, चाबूक-तुतारी नाही, आणि छळ सिद्ध झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आबाजींनी बंदीची सुरुवात पाहिली, शेवट पाहिला नाही. बंदीवर गावात लोक चिडून बोलत, तेव्हा ते गप्प बसत. एकदा मी विचारलं, “आबाजी, तुम्हाला काय वाटतं, बरोबर केलं का?” ते म्हणाले, “आर लावणाऱ्यानं पट बंद केला, कोर्टानं नाई.” त्यांचं हे बोलणं मला पटतं आणि ते मी स्वतःचं म्हणून मांडते. प्राण्यांच्या बाजूने जे लोक न्यायालयात गेले त्यांनी दाखवलेल्या जखमा खऱ्या होत्या. माझ्या मोठेबाबांनी त्या चौथीत असताना पाहिल्या होत्या. पण बंदीचा घाव ज्यांच्यावर पडला ते मुख्यतः दुसरेच होते. मोठ्या गोठ्यांना थांबणं परवडलं. लहान पटातल्या माणसाने त्या वर्षांत जोडी विकली, ट्रॅक्टर भाड्याने घ्यायला सुरुवात केली आणि पुन्हा जोडी घेतली नाही. छकडी करणाऱ्या वाढयाचा मुलगा कन्हानलाच वेल्डिंगचं दुकान टाकून बसला.

देशाच्या पशुगणनेत हे मोठ्या आकड्यांत दिसतं. 2012 मध्ये नर गोवंश सुमारे 6 कोटी 79 लाख होता, 2019 मध्ये तो 4 कोटी 74 लाखांवर आला. सात वर्षांत दर दहांमागे तीन गेले. ही घट पटाच्या बंदीमुळे झाली असं म्हणणं खोटं ठरेल. ट्रॅक्टर, लहान होत गेलेली शेती, महाग चारा, मजुरीला मिळेनासे झालेले सालदार, ही त्याची कारणं. पण पट हे जोडी ठेवण्याचं एक कारण होतं, वर्षातून चार महिन्यांचं, आणि बाकी सगळी कारणं सुटत असताना नेमकं तेही सुटलं. गवळाऊसारख्या जातीला असं एकेक कारणच तारून नेतं. दूध कमी, अंगाने हलकी. चाल हीच तिची कमाई.

आता पट पुन्हा भरतात आणि गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असते. अ गटात इनाम म्हणून मोटारसायकली उभ्या असतात, बाहेरून आणलेल्या खिल्लार जोड्या टेम्पोतून उतरतात आणि त्यांच्या किमती ऐकून मोठेबाबा हात जोडतात. मला त्या जोड्यांबद्दल राग नाही. पळताना त्या सुंदर दिसतात, आणि त्यांना जीव लावणारी माणसंही आहेत. मला काळजी आहे ती दुपारच्या ब गटाची. मागच्या हिवाळ्यात मोठेबाबांना घेऊन मी एका पटाला गेले, तेव्हा ब गटाच्या बऱ्याच जोड्या अ गटातून उतरलेल्या, म्हणजे पटासाठीच पोसलेल्या होत्या. खांद्यावर घट्टा असलेली जोडी शोधत मोठेबाबा गाड्यांच्या रांगेतून फिरत होते. शेवटी गावगटात त्यांना एक सापडली. मालक पारशिवनीकडचा तरुण पोरगा, जवळ पाच एकर, अर्धं धान, अर्धा कापूस. मोठेबाबांनी बैलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “वखराले चालते का?” तो म्हणाला, “चालते ना काका. नाई तर खाऊ कोन घालन त्याले?” त्याची जोडी पहिल्या फेरीत हरली. सूर्य उतरायच्या आत त्याने ती टेम्पोत न घालता रस्त्याने चालवत घरी नेली, कारण सकाळी हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं.

तेव्हापासून मी पटाच्या प्रत्येक आयोजकाला, जो ऐकून घेईल त्याला, तीन गोष्टी सांगते. पहिली, एक गट असा ठेवा की ज्यात फक्त शेतात राबणारी जोडी उतरेल. गावचा पोलीस पाटील आणि पशुवैद्यक मिळून ते सहज ठरवू शकतात, खांदा खोटं बोलत नाही. दुसरी, त्या गटात गवळाऊ जोडीला वेगळं इनाम द्या, म्हणजे आपल्या मातीतल्या वळूला मागणी राहील आणि गोऱ्हा विकण्याआधी माणूस एकदा थांबेल. तिसरी, त्या गटाची प्रत्येक फेरी, प्रत्येक मालक, धुरकरी आणि बैल यांची नावं वहीत लिहा, हरलेल्यांचीही, आणि वही ग्रामपंचायतीत ठेवा. इंग्लंडातल्या कारखान्यातल्या पोरांची नावं जर पन्नास वर्षांनी कन्हानमध्ये वाचता येतात, तर पारशिवनीच्या पोराचं नाव पन्नास वर्षांनी पारशिवनीत वाचता आलं पाहिजे. नियमांनी बैलाला आरेपासून वाचवलं, ते चांगलं झालं. त्याला शेतापासून तुटण्यापासून वाचवायचं काम कायदा करू शकत नाही. ते पट भरवणाऱ्या गावाला करावं लागेल, आणि त्याची सुरुवात ब गटापासून करावी लागेल.